पहिला स्वतंत्र मराठी चित्रपट: निधी, लॅब, बाजार आणि महोत्सवांच्या संधी कशा गाठायच्या

जानेवारी २०२५मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. त्याआधी २०२३मध्ये जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला टोरोंटोत आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. त्याहून मागे गेलं तर २०१४मध्ये ‘कोर्ट’ व्हेनिसला आणि ‘किल्ला’ बर्लिनला गाजला. बातमी पुरस्काराची होते. त्याआधीची तीन-चार वर्षं चित्रपट कुठे कुठे अर्ज करत होता, कुठल्या कार्यशाळेत बसून पटकथा पुन्हा लिहिली गेली, हे कुणी छापत नाही. ‘साबर बोंडं’ व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजच्या कार्यशाळेतून गेलेला आहे आणि ‘कोर्ट’ला रॉटरडॅमच्या हुबर्ट बाल्स फंडाचा आधार होता. या दोन्ही ठिकाणी अर्ज सगळ्यांना खुला असतो.

म्हणूनच ‘आपली ओळख नाही’ या कारणावर माझा विश्वास नाही. ओळखीने काही दारं लवकर उघडतात हे खरं, पण मराठवाड्यातला किंवा खानदेशातला मुलगा-मुलगी मागे पडते ती बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. प्रवेशिकेची बातमी ग्रुपवर येते तेव्हा शेवटच्या तारखेला चार दिवस उरलेले असतात आणि हातात पटकथेच्या मसुद्याशिवाय काहीच नसतं. पुढचा सगळा लेख ही वेळ येऊ नये यासाठी आहे. तो मुख्यतः पहिला पूर्ण लांबीचा कथापट करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांसाठी जिथे वाट बदलते तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी आपला टप्पा ओळखा

प्रत्येक संधी चित्रपटाच्या एका ठरावीक टप्प्यासाठी असते. पटकथा लिहून झाली आहे पण निर्माता नाही, हा एक टप्पा. पटकथा, निर्माता आणि थोडा पैसा आहे, उरलेला हवा आहे, हा दुसरा. शूटिंग होऊन रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तयार आहे पण साउंड, रंगकाम आणि संगीताचे पैसे संपलेत, हा तिसरा. चित्रपट पूर्ण आहे पण कुठेच दाखवलेला नाही, हा चौथा.

प्रवेशिकेची सूचना हातात आली की आधी पात्रतेचा परिच्छेद वाचा, बक्षिसाची रक्कम नंतर. चार गोष्टी शोधा: कोणता टप्पा, दिग्दर्शकाचा कितवा चित्रपट, निर्माता सोबत असणं बंधनकारक आहे का, आणि चित्रपट आधी कुठे दाखवलेला चालतो का. बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड घ्या. तो २००४पासून चालू आहे, पण त्याला जर्मन निर्माता सोबत लागतो. फ्रान्सच्या सरकारी निधीचंही तसंच, तिथे फ्रेंच सहनिर्माता हवा. तुमच्याकडे आज असा भागीदार नसेल तर त्या अर्जात आठवडा घालवू नका. आधी भागीदार कुठे भेटतो ते पाहा. त्याचं उत्तर पुढे गोव्याच्या चित्रपट बाजारात आहे.

एका वहीत किंवा शीटमध्ये बारा महिन्यांचं कोष्टक करा आणि प्रत्येक संधीसमोर मागच्या वर्षी प्रवेशिका कधी उघडल्या, कधी बंद झाल्या ते लिहून ठेवा. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, पण हंगाम सहसा तोच राहतो. बातमी येण्याची वाट पाहण्याऐवजी त्या हंगामाच्या दोन महिने आधीपासून संस्थेची अधिकृत वेबसाइट आठवड्यातून एकदा उघडायची. फॉरवर्ड झालेल्या पोस्टरवर विसंबून कधीही अर्ज भरू नका. जुनी पोस्टर वर्षानुवर्षं फिरत असतात.

२. फाइल

लेखातला हा सगळ्यात मोठा भाग आहे, कारण खरं काम इथेच आहे. फाइल एकदा नीट तयार झाली की त्याच कागदांवर पुढचे दहा अर्ज भरता येतात.

सुरुवात लॉगलाइनने. एक किंवा दोन वाक्यांत गोष्ट. आपल्याकडे लॉगलाइन म्हणून विषय लिहिला जातो: ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कथा.’ वाचणाऱ्याला यातून काहीच दिसत नाही. कोण आहे, काय हवं आहे, काय आड येतं, हरलं तर काय जाईल? हीच कल्पित गोष्ट अशी लिहून पाहा: ‘आईबाप ऊसतोडीला गेल्यावर शाळा सुटू नये म्हणून बीड जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी आजारी आजीसोबत गावातच राहते. हंगाम संपायच्या आधी आजी जाते, आणि आपल्याला कारखान्यावर नेतील या भीतीने मुलगी ही गोष्ट सगळ्या गावापासून लपवते.’ आता वाचणाऱ्याला चित्रपट दिसू लागतो. ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द लिहायची गरजही उरली नाही.

त्यानंतर एका पानाचा सारांश. यात शेवट सांगायचा. ‘पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा’ हे प्रेक्षकांच्या पोस्टरला शोभतं, निवड समितीला शेवट माहीत असावाच लागतो. मग आठ-दहा पानांची ट्रीटमेंट, म्हणजे संवाद न लिहिता चित्रपट कसा उलगडतो, प्रकाश कसा, आवाज कसे, कॅमेरा कुणाच्या जवळ राहतो.

दिग्दर्शकाचं टिपण हा फाइलमधला सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात वाईट लिहिला जाणारा कागद. त्यात समाजाची स्थिती, आकडेवारी आणि मोठी वाक्यं भरली जातात. समितीला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: ही गोष्ट तुम्हीच का करावी, आणि तुम्ही ती कशी दाखवणार. तुमच्या मावशीने कोयता घेऊन सोळा हंगाम काढले असतील तर ते लिहा. कारखान्याच्या अड्ड्यावर रात्री तीनला बैलगाड्या भरल्या जातात तेव्हा तिथे काय ऐकू येतं ते लिहा. ‘वास्तववादी शैली’ असं म्हणण्यापेक्षा ‘कॅमेरा मुलीच्या उंचीवर राहील, मोठ्या माणसांचे चेहरे तिने मान वर केल्याशिवाय दिसणार नाहीत’ असं लिहिलं तर काम होतं.

बजेटची दोन रूपं ठेवा: एका पानाचा गोषवारा आणि सविस्तर तक्ता. आकडे रुपयांत, शेजारी युरोत. सगळ्यांनी फुकट काम केलं असं दाखवू नका. जे मानधन सोडत आहेत त्यांची रक्कम खर्चात दाखवा आणि तीच रक्कम ‘गुंतवणूक’ म्हणून जमेच्या बाजूला दाखवा. पोस्ट-प्रॉडक्शन, सबटायटल, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), महोत्सवांची प्रवेश शुल्कं आणि प्रवास हे खाते पहिल्या दिवसापासून वेगळं धरा. स्वतंत्र चित्रपट अडतात ते इथे, शूटिंगला नाही. सोबत निधीचा आराखडा: किती हातात आहे, कुणी लेखी कबूल केलं आहे, किती मागायचं आहे. हातात काहीच नसलेला माणूस आणि दहा टक्के हातात असलेला माणूस यांच्याकडे निधीवाले फार वेगळ्या नजरेने बघतात. ते दहा टक्के तुमचे स्वतःचे असले तरी चालतात.

शेवटी हक्कांचे कागद. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवता येते, ती नोंदवा. लेखक तुमचा सख्खा मित्र असला तरी लेखी करार करा. कथेवर किंवा कादंबरीवर आधारित असेल तर मूळ लेखकाकडून किंवा वारसांकडून हक्क घ्या, त्यात मुदत, भाषा आणि माध्यमं स्पष्ट लिहा. ओवी, लावणी, भजन वापरणार असाल तर शब्द पारंपरिक असले तरी ध्वनिमुद्रण कुणाचं आहे ते तपासा. परदेशी सहनिर्माता पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच हे कागद मागतो.

संपूर्ण फाइल इंग्रजीत लागेल. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत उत्तम लिहून चांगल्या अनुवादकाला पैसे द्या. मोडक्या इंग्रजीत विचार केल्यावर विचारही मोडका होतो, आणि मराठीत तुम्हाला जे नेमकं सांगता आलं असतं ते हरवतं.

३. पटकथेच्या टप्प्यावर कुठे जायचं

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची पटकथा लॅब हे पहिलं दार. ‘द लंचबॉक्स’ची पटकथा याच लॅबमधून गेली होती. निवडलेल्या मोजक्या लेखकांना अनुभवी सल्लागारांसोबत पटकथा पुन्हा लिहायला मिळते आणि पुढे गोव्याच्या बाजारात निर्मात्यांसमोर मांडायला मिळते. पहिलाच चित्रपट करणाऱ्यांसाठी एनएफडीसी निर्मितीची योजनाही राबवते. २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि बालचित्रपट समिती हे सगळं एनएफडीसीत विलीन झालं. त्यामुळे केंद्र सरकारच्या बहुतेक संधींसाठी आता याच एका संस्थेच्या सूचनांवर लक्ष ठेवलं तरी पुरतं.

हुबर्ट बाल्स फंड १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या चित्रपटांना मदत करतो. पटकथा आणि विकासाच्या टप्प्यावर १०,००० युरो मिळतात. पायल कपाडिया यांच्या २०२४च्या कान ग्रां प्री विजेत्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’लाही या फंडाचा आधार मिळाला होता. रक्कम पाहून चित्रपट होईल असं समजू नका. त्या नावाचा शिक्का पुढच्या दारांवर उपयोगी पडतो, ही त्याची खरी किंमत.

बिएनाले कॉलेज पहिल्या-दुसऱ्या चित्रपटासाठी आहे. दिग्दर्शक आणि निर्माता अशा जोडीनेच अर्ज करावा लागतो. शेवटच्या फेरीत निवडलेल्या चित्रपटांना २,००,००० युरोपर्यंत निधी मिळतो आणि चित्रपट त्या रकमेत व ठरलेल्या वेळेत पूर्ण करून व्हेनिसला दाखवायचा असतो. मराठी चित्रपट आधीपासूनच कमी पैशांत बनतात, त्यामुळे ही चौकट आपल्याला मानवणारी आहे. आपल्याकडून इथे फार कमी अर्ज जातात असं मला वाटतं, आणि त्याची खंत आहे. निर्माता म्हणून मोठं नाव लागत नाही. तुमच्यासोबत तीन वर्षं टिकेल आणि हिशेब ठेवेल असा माणूस लागतो.

वय पस्तिशीच्या आत असेल आणि अजून लघुपटच केले असतील तर इफ्फी या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातल्या ‘क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो’साठी अर्ज करा. २०२१मध्ये ७५ तरुणांपासून सुरू झालेल्या या उपक्रमात दिग्दर्शनासोबत संकलन, ध्वनी, छायाचित्रण, वेशभूषा अशा विभागांतूनही निवड होते आणि निवडलेल्यांना ४८ तासांत लघुपट करायचा असतो. यातून मिळणारी टीम कधी कधी आयुष्यभराची ठरते. मुंबईच्या मामी महोत्सवानेही २०२४पासून फोनवर चित्रित केलेल्या लघुपटांचा ‘मामी सिलेक्ट’ उपक्रम सुरू केला आहे.

माहितीपट करणाऱ्यांची वाट इथून फुटते. आम्स्टरडॅमचा इडफा बर्था फंड, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि कोलकात्याचा डॉकएज हा पिचिंगचा, म्हणजे निधी देणाऱ्यांसमोर कल्पना मांडायचा मंच, ही तीन ठिकाणं कोष्टकात सगळ्यात वर लिहा. मुंबईत १९९०पासून होणाऱ्या मिफ्फ या महोत्सवाला आता माहितीपटांच्या बाजाराचीही जोड मिळाली आहे. माहितीपटाच्या अर्जाला तीन-चार मिनिटांचं प्रत्यक्ष चित्रण लागतं, नुसत्या लेखी कल्पनेवर पैसे मिळत नाहीत. परदेशी निधी बँकेत येण्याआधी सीएला विचारून घ्या. व्यक्ती, कंपनी आणि ट्रस्ट यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ट्रस्टच्या नावाने परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो.

४. गोव्याचा बाजार

२००७पासून इफ्फीच्या दिवसांत, नोव्हेंबरात, पणजीत फिल्म बाजार भरतो. आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार आहे. स्वतंत्र चित्रपट करणाऱ्या मराठी माणसाला पणजीपर्यंत एसटीने किंवा रेल्वेने जाता येतं आणि तिथे रॉटरडॅम, बर्लिन, बुसानची माणसं एका आवारात बसलेली असतात. आपल्या इतक्या जवळ असं दुसरं ठिकाण नाही.

बाजारात शिरायच्या वाटा अनेक आहेत. पटकथा आणि निर्माता तयार असेल तर सहनिर्माते शोधायचं को-प्रॉडक्शन मार्केट. रफ कट असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब, जिथे परदेशी संकलक आणि महोत्सवांची माणसं तुमचा कट पाहून बसून सांगतात. ‘किल्ला’ याच लॅबमधून गेला आणि २०१४मध्ये बर्लिनच्या बालप्रेक्षक ज्युरीचा क्रिस्टल बेअर घेऊन आला. चित्रपट पूर्ण किंवा जवळपास पूर्ण असेल तर व्ह्यूइंग रूम. तिथे शुल्क भरून चित्रपट ठेवता येतो आणि खरेदीदार व निवडकर्ते तो स्वतंत्र बूथमध्ये पाहतात. त्यातले काही चित्रपट बाजाराच्या शिफारस यादीत जातात. महाराष्ट्र शासनही दरवर्षी निवडक मराठी चित्रपट गोव्याच्या आणि कानच्या बाजारात पाठवतं. त्याची प्रवेशिका गोरेगावच्या चित्रनगरीतून, म्हणजे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडून निघते.

काहीच निवड झाली नाही तरी प्रतिनिधी म्हणून जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन आठवडे आधी पाहुण्यांची यादी पाहा, त्यातली दहाच माणसं निवडा, प्रत्येकाने याआधी कोणते चित्रपट घेतले ते शोधा आणि छोटी मेल लिहा: लॉगलाइन, टप्पा, बजेट, किती जमलं आहे, आणि ‘तुम्ही अमुक चित्रपट घेतला होता म्हणून तुम्हाला लिहितोय’ हे एक वाक्य. चार ओळींची मेल वाचली जाते. पंचवीस एमबीची पीडीएफ उघडली जात नाही.

भेटीत गोष्ट पाच मिनिटांत सांगता आली पाहिजे. घरी मोठ्याने सराव करा, इंग्रजीत अडखळलात तरी चालेल, पाठांतर मात्र ऐकू येतं. तीन प्रश्न हमखास येतात: पैसे किती आहेत, शूटिंग कधी, आणि तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवं आहे? तिसऱ्या प्रश्नाला ‘कसलीही मदत’ हे उत्तर देऊ नका. ‘पोस्ट-प्रॉडक्शनसाठी सहनिर्माता’ किंवा ‘रफ कटवर प्रतिक्रिया’ असं ठोस सांगा. परतल्यावर दोन दिवसांत आभाराची मेल आणि कबूल केलेले कागद पाठवा. इफ्फीच्या दिवसांत पणजीत खोल्या महागतात, म्हणून चार-पाच जणांनी मिळून ताळगाव किंवा पर्वरीकडे घर घ्या आणि सप्टेंबरातच ठरवून टाका.

गोव्यातल्या मराठी चित्रपटकारांना आणखी एक आधार आहे. गोवा मनोरंजन संस्था राज्यातल्या चित्रपटांसाठी अर्थसाहाय्याची योजना राबवते आणि राज्य चित्रपट महोत्सवात कोंकणीसोबत मराठी चित्रपटही असतात.

५. शूटिंगआधीचे दोन परवाने, जे पुढे गळ्याशी येतात

लोकेशनच्या परवानग्या सगळ्यांना माहीत असतात. राज्यात त्यासाठी एक खिडकी योजना आहे. पण ग्रामीण मराठी चित्रपटात हमखास दोन गोष्टी असतात आणि त्यांचे कागद राहून जातात: जनावरं आणि मुलं.

बैलगाडी, शेळी, अंगणातली कोंबडी, कुत्रा, काहीही चित्रित करायचं असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाकडे शूटिंगआधी अर्ज करावा लागतो. सेन्सॉरकडे गेल्यावर हा कागद मागतात. तेव्हा मागे जाऊन तो मिळवणं अतिशय अवघड होतं आणि प्रसंग कापायची वेळ येते.

मुलं असतील तर २०१७च्या सुधारित बालकामगार नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि मोबदल्याची किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. वरच्या लॉगलाइनमधल्यासारखा चित्रपट करायचा असेल तर शूटिंगचं वेळापत्रक या पाच तासांभोवतीच बसवावं लागेल. बजेट करतानाच दिवस वाढवून धरा. हे नियम मुलाच्या भल्याचे आहेत आणि ते मनापासून पाळणाऱ्या सेटवर मुलं कामही जास्त चांगलं करतात.

६. पहिला पडदा कोणता

चित्रपट पूर्ण होतो तेव्हा हातात एकच मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे तो अजून कुठेच दाखवलेला नाही. मोठे महोत्सव जागतिक किंवा निदान आंतरराष्ट्रीय प्रीमियर मागतात. गावच्या नाट्यगृहात कौतुकाने केलेला तिकिटाचा खेळ, ओळखीच्या छोट्या महोत्सवात घाईने दिलेली प्रत, यूट्यूबवर एका आठवड्यासाठी टाकलेला चित्रपट, यातलं काहीही हा हक्क संपवू शकतं. कलाकार आणि तंत्रज्ञांसाठीचा खाजगी खेळ चालतो. लघुपटांच्या बाबतीत नियम सैल असतात, पण मोठ्या ठिकाणी तिथेही ऑनलाइन टाकलेला लघुपट मागे पडतो.

वर्षाचा क्रम असा आहे: जानेवारीत सनडान्स, जानेवारी-फेब्रुवारीत रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, मग व्हेनिस आणि टोरोंटो, त्यानंतर बुसान. लघुपटांसाठी फेब्रुवारीतलं क्लेरमाँ-फेराँ आणि जर्मनीतलं ओबरहाउझेन. सनडान्स २०२७पासून पार्क सिटी सोडून कोलोरॅडोतल्या बोल्डरला जात आहे, जुन्या पत्त्यांवरून प्रवासाचा अंदाज बांधू नका. प्रवेशिका साधारण तीन ते पाच महिने आधी बंद होतात. म्हणजे जानेवारीच्या महोत्सवासाठी कट ऑगस्टमध्ये पाठवण्याजोगा हवा. साउंड आणि रंगकाम अपुरं असलेला कट पाठवता येतो, तशी सूचना पडद्यावर टाका. पण गोष्ट अपुरी असलेला कट पाठवू नका. एकदा नाकारलेला चित्रपट पुन्हा पाहिला जात नाही.

तीन-चार मोठी ठिकाणं निवडा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि कुठवर थांबायचं ती तारीख आधीच ठरवा. त्यानंतर भारतातल्या महोत्सवांकडे वळा: डिसेंबरात केरळचा इफ्फ्क, शरद ऋतूत धरमशाला, कोलकाता, जानेवारीत पुण्याचा पिफ्फ, मराठवाड्यात अजिंठा-वेरूळ, आणि कोल्हापूर. पिफ्फमध्ये मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा आहे आणि संत तुकाराम यांच्या नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार तिथे दिला जातो. तिथला प्रेक्षक खेळानंतर थांबून भांडतो, प्रश्न विचारतो. बर्लिनच्या टाळ्यांपेक्षा मला त्या गप्पा जास्त मोलाच्या वाटतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी २०२४मध्ये सॅन होजेत सुरू केलेला नाफा महोत्सवही यादीत ठेवा.

शुल्काबद्दल कडक राहा. मोठ्या परदेशी महोत्सवाला एका प्रवेशिकेमागे काही हजार रुपये सहज लागतात आणि वीस ठिकाणी अर्ज केला तर एका कलाकाराचं मानधन तिथेच जातं. शुल्कमाफीसाठी नम्र, छोटी मेल लिहा. अनेक महोत्सव विकसनशील देशांतल्या पहिल्या चित्रपटांना सूट देतात. नावापुरत्या महोत्सवांपासून दूर राहा. ते ओळखणं सोपं आहे: दर महिन्याला पुरस्कार, शंभर विभाग, थिएटरचा पत्ता नाही, मागच्या वर्षी दाखवलेल्या चित्रपटांची वेळापत्रकं नाहीत, आणि ट्रॉफीसाठी वेगळे पैसे. अशा महोत्सवांची पंधरा लॉरेल, म्हणजे पानांच्या कमानीची चिन्हं पोस्टरवर लावली तरी जाणत्या निवडकर्त्याच्या लेखी त्यांची किंमत शून्य असते, उलट शंका वाढते.

प्रतीचं थोडक्यात. निवडीसाठी पासवर्ड असलेली ऑनलाइन लिंक, सबटायटल चित्रातच कायमची उमटवलेली. निवड झाल्यावर डीसीपी लागते, ती २४ फ्रेमवर आणि कुलूप न लावता करा, म्हणजे ऐन वेळी किल्लीच्या फाइलचा घोळ होत नाही. खऱ्या थिएटरात एकदा पूर्ण चालवून पाहा. सबटायटलवर मात्र कंजुषी करू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीतला चित्रपट असेल तर ती बोली कानाने ओळखणारा माणूस आणि उत्तम इंग्रजी लिहिणारा माणूस यांना शेजारी बसवा. दोन ओळींत, वाचायला पुरेसा वेळ देऊन, शिवी शिवीसारखी आणि माया मायेसारखी पोहोचली पाहिजे. परदेशातला निवडकर्ता तुमचे संवाद ऐकत नाही, वाचतो.

७. सेन्सॉर, अनुदान, पुरस्कार

भारतातल्या महोत्सवात सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवता येतो, त्यासाठीची सूट महोत्सव स्वतः मंत्रालयाकडून घेतो. थिएटरसाठी मात्र प्रमाणपत्र हवंच. २०२३च्या कायदा दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले आहेत, अर्ज ऑनलाइन होतो. शीर्षक आधीच अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवून ठेवा.

प्रमाणपत्राची तारीख विचार करून घ्या. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी त्या त्या कॅलेंडर वर्षात प्रमाणित झालेले चित्रपटच धरले जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने प्रमाणपत्र घेतलं की ते वर्ष लागू झालं, मग चित्रपट अजून महोत्सवांत फिरत असला तरी संधी एकदाच. काही दिवस थांबून जानेवारीत घेतलं तर पूर्ण वर्ष हातात राहतं.

राज्याच्या दर्जेदार मराठी चित्रपट अर्थसाहाय्य योजनेत परीक्षण समिती चित्रपट पाहते, गुण देते आणि श्रेणीनुसार अनुदान ठरतं. अटी आणि रकमा शासन निर्णयातून बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी चित्रनगरीकडून चालू निर्णयाची प्रत घ्या. हे पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावर येतात आणि वेळ लागतो. अनुदान येईल या हिशेबावर व्याजाने कर्ज काढून शूटिंग करणारे निर्माते मी पाहिले आहेत, त्यांची अवस्था पाहवत नाही. बजेटमध्ये अनुदानाचा रकाना शून्य धरूनच चला.

८. लोकांपर्यंत

‘साबर बोंडं’ सनडान्सनंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या थिएटरांत आला. ‘स्थळ’ला टोरोंटोनंतर मार्च २०२५पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात चित्रपट जिवंत ठेवायचा असतो. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब आणि महाविद्यालयांचे क्लब यांना पत्र लिहा, मानधन मागायला संकोच करू नका. थिएटरात दोनशे पडद्यांवर एक आठवडा जाण्यापेक्षा ज्या भागातली गोष्ट आहे तिथल्या पाच-सहा शहरांत, संध्याकाळचा एकेक खेळ धरून आठवडे वाढवत नेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रदर्शनाचा खर्च असतो, आणि सकाळी साडेनऊच्या खेळाला मराठी माणूस येत नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हक्क विकताना थिएटर, ओटीटी, उपग्रह वाहिनी, विमान कंपन्या, परदेश आणि रिमेक हे सगळे वेगवेगळे लिहा आणि ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ अशा ओळीवर सही करू नका. पाच किंवा सात वर्षांची मुदत मागा. महोत्सवांत आणि फिल्म सोसायट्यांत दाखवायचा हक्क स्वतःकडे ठेवा. विक्री प्रतिनिधी नेमताना तो कोणकोणत्या बाजारांत जाणार, खर्च किती वजा करणार आणि त्याची कमाल मर्यादा काय, हे आकड्यांत लिहून घ्या. ठरावीक काळात काहीच विकलं गेलं नाही तर हक्क आपोआप परत येतील असं कलम टाका, आणि सही करण्याआधी तो करार मनोरंजन क्षेत्रात काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. त्या वकिलाची फी मूळ बजेटमध्येच धरलेली असू द्या.